बाबांचा माग आणि शाळेतला तास



या वेळच्या टपालात सोलापूरहून एक पत्र आलंय. वहीचं मधलं पान फाडून, दोन्ही बाजूंनी, अगदी कोपऱ्यापर्यंत लिहिलेलं. लिहिणारी सातवीत आहे. तिचं नाव मी छापत नाही, कारण पत्रात घरातलं भांडण आहे आणि बाबा हे सदर वाचतात असंही तिनंच लिहिलंय!

भांडणाचं कारण असं. तिच्या शाळेनं यंदा आठवड्यातून दोन तास हातानं काम शिकण्यासाठी ठेवलेत. वीजकाम, सुतारकाम, शिवण, भाजीपाला लागवड आणि संगणक, यांतला एक विषय निवडायचा. हिला वीजकाम हवंय. बाई म्हणाल्या, "मुली शिवण घेतात." आणि बाबा म्हणाले, "घ्यायचं तर संगणक घे, नाहीतर काहीच नको. मी बावीस वर्षं यंत्रमागावर उभा आहे, तुझी आई विड्या वळते. पक्कड आणि पान्हा धरायला तुला शाळेत घातलं नाही." पत्राच्या शेवटी तिनं विचारलंय : "बाबांचं चुकतंय का?"

नाही गं, बाबांचं चुकत नाहीये. निदान पूर्णपणे तरी नाही. ते ज्या गोष्टीला घाबरतात, ती गोष्ट आपल्या देशात एकदा खरोखर घडून गेली आहे.

१९५३ साली त्या वेळच्या मद्रास राज्यात राजाजी मुख्यमंत्री होते. त्यांनी प्राथमिक शाळांसाठी एक योजना काढली. मुलांनी निम्मा वेळ शाळेत शिकायचं आणि उरलेल्या वेळात घरी आईवडिलांचं काम शिकायचं. कागदावर छान दिसतं, नाही का? पण जरा विचार करा. विणकराच्या मुलानं विणकाम शिकायचं, कुंभाराच्या मुलानं मडकी करायची, चामड्याचं काम करणाऱ्याच्या मुलानं चामडंच हातात घ्यायचं. मग वकिलाचा मुलगा? तो वकिलाच्याच घरी! म्हणजे जो जिथे जन्मला तिथेच राहणार. लोक चिडले, मोठं आंदोलन झालं. पुढच्याच वर्षी राजाजींना पद सोडावं लागलं आणि नवे मुख्यमंत्री कामराज यांनी ती योजना रद्द केली. बाबांना ही गोष्ट ठाऊक असेल-नसेल, पण त्यांच्या मनातली धास्ती तीच आहे.

आता दुसरी बाजू. विणकराच्या मुलीनं विणकाम शिकावं असं म्हणणं वेगळं, आणि वर्गातल्या सगळ्यांनी, म्हणजे डॉक्टरांच्या मुलानं, दुकानदाराच्या मुलीनं, तू आणि तुझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं, हातात हत्यारं घेऊन काहीतरी करून पाहावं असं म्हणणं वेगळं. पहिल्यात दार बंद होतं, दुसऱ्यात उघडतं. तुझ्या शाळेनं कुणाचे बाबा काय करतात हे विचारून विषय वाटले असते, तर मीच तुला सांगितलं असतं की घेऊ नकोस. मुलगी म्हणून शिवण, हेही तसलंच वाटप आहे बरं का. बाईंना हे नम्रपणे विचारायला हरकत नाही. (आणि वर्गातल्या एखाद्या मुलाला शिवण हवी असेल तर त्यालाही ती मिळू दे. चांगला शिंपी होणं सोपं नाही, कॉलर बसवून बघा म्हणजे कळेल.)

हातानं काम करत शिकण्याची कल्पना काही आजची नाही. १९३७ साली आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्याला, गांधीजींनी शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरवली आणि तिथून 'नई तालीम' सुरू झाली. पुढे कोठारी आयोगानं १९६६ साली सांगितलं की प्रत्येक शाळेत कामाचा अनुभव हवा. तोच आपला 'कार्यानुभव'. तुमच्या आईबाबांना विचारा, ते हसतील! मलाही हसू येतं. आमच्या शाळेत कार्यानुभव म्हणजे वर्षाकाठी एक कागदी फुलांचा हार आणि एक भरतकाम केलेला रुमाल, तोही बहुतेकांच्या आईनं भरलेला. उरलेल्या तासांना गणिताचे सर यायचे आणि राहिलेलं प्रकरण पुरं करायचे. प्रगतिपुस्तकात मात्र सगळ्यांना 'अ' श्रेणी. मी रुमालाला कधी सुई लावली नाही, तरी मलाही 'अ'.

असं का व्हायचं? कारण ते काम खोटं होतं. त्या हाराचा कुणाला उपयोग नव्हता.

खरं काम कसं असतं हे पाहायचं तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला जायला हवं. शिरूर तालुक्यातलं हे कमी पावसाचं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे एक शास्त्रज्ञ होते. अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट घेऊन आलेले, मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात वरच्या जागेवर असलेले. ते सगळं सोडून ते १९८३ साली पाबळला आले आणि त्यांनी 'विज्ञान आश्रम' सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. खेड्यातलं मूल घरी आणि रानात हातानं काम करत, बघत बघत शिकतं. शाळेत मात्र त्याला हात बांधून बसवतात आणि मग ते नापास झालं की म्हणतात, याला डोकं नाही.

त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक विषय तयार केला : 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख'. आठवड्यातला एक दिवस फक्त याच विषयाचा. त्याचे चार भाग. एकात लोखंड, लाकूड, बांधकाम. दुसऱ्यात वीज आणि पर्यावरण. तिसऱ्यात घर आणि आरोग्य, आणि चौथ्यात शेती व जनावरं. लक्षात घ्या, चारातला एक निवडायचा नाही, सगळ्यांनी चारही करायचे. मुलगा असो की मुलगी, वेल्डिंगही करायचं आणि स्वयंपाकही. मुलं मातीची तपासणी करायला शिकली, रक्तगट ओळखायला शिकली. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून त्यांनी घुमटाची घरं उभी केली. पट्टी थोडी जरी लांब कापली गेली तरी घुमट जुळायचा नाही. त्रिकोणाचे गुणधर्म तिथे पाठ करावे लागत नाहीत. आणि ही कामं गावाच्या उपयोगाची असायची. फाटकाला नीट वेल्डिंग झालं नाही तर शेतकरी येऊन विचारणारच ना! पुढे एस.एस.सी. बोर्डानंही या विषयाला मान्यता दिली. डॉ. कलबाग २००३ साली गेले, पण हा विषय पाबळच्या बाहेरच्या कितीतरी शाळांत पोचला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला अशा कामांची ओळख व्हावी असं लिहिलंच आहे. त्यासाठी दहा दिवस दप्तराशिवाय शाळा, हेही त्यातच! (हे वाचून तुम्ही उड्या माराल हे मला ठाऊक आहे.) 'एन.सी.ई.आर.टी.'नं २०२४ मध्ये सहावीसाठी 'कौशल बोध' नावाचं पुस्तक काढलं. त्यात कामांचे तीन गट केलेत : झाडं-प्राणी अशा सजीवांबरोबरचं काम, यंत्रं आणि वस्तूंबरोबरचं काम, आणि माणसांची सेवा करण्याचं काम. निवड करताना मला हे तीन गट फार उपयोगी वाटतात. आपल्याला पुढे कोण व्हायचंय हे सातवीत कुणाला कळतं? मला तर नोकरी लागल्यावरही कळलं नव्हतं. पण रोपांशी, यंत्रांशी की माणसांशी आपलं जास्त जमतं, एवढं वर्षभर काम केल्यावर नक्की कळतं.

आता बाबांच्या 'संगणक घे'बद्दल. यासाठी तुला बाबांच्याच कारखान्यात न्यावं लागेल.

सोलापुरी चादरीवरची नक्षी पाहिलीस ना? ती छापलेली नसते, विणलेली असते. मागाच्या वर एक सांगाडा असतो, त्याला जकार्ड म्हणतात. त्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची लांबलचक माळ फिरते. भोक असेल तिथला आकडा ताण्याचा धागा वर उचलतो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. मधून धोटा बाणा घेऊन पळतो, मग पुढचं कार्ड येतं. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणांवर मोर, फूल, वेल सगळं उमटतं. फ्रान्समधल्या लिऑं शहरातल्या जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र बनवलं. पुढे त्यांचं एक चित्र रेशमात विणलं गेलं, त्यासाठी चोवीस हजार कार्डं लागली! ते चित्र इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांच्याकडे होतं. आपल्या गणितयंत्राला हुकूम द्यायला त्यांनी हीच भोकांची कार्डं वापरायचं ठरवलं. ते यंत्र पुरं झालं नाही, पण कल्पना उरली. १८९० साली अमेरिकेची जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजली गेली, आणि विसाव्या शतकातल्या संगणकांनाही कितीतरी वर्षं कार्डंच 'खायला' घालत असत. म्हणजे बाबा ज्याच्याखाली बावीस वर्षं उभे आहेत, ते संगणकाचं आजोळ आहे. आता काही मागांवर इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलंय, म्हणजे नातू आजोबांच्या घरी राहायला आला म्हणा ना!

तेव्हा संगणक चांगला आणि पक्कड वाईट, अशी वाटणी मला तरी पटत नाही. पण बाबांचा एक प्रश्न उरतोच : पुढे काय? तर नियम असा आहे की सातवी-आठवीत वीजकाम घेतलं म्हणून कुठलंही दार बंद होत नाही. डॉक्टर व्हायचं तरी होता येतं. आणि याच वाटेनं जायचं ठरलं, तर दहावीनंतर आय.टी.आय. आहे किंवा तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे. दोन्हींची सोय सोलापुरात आहे. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. केलेल्यांना डिप्लोमाच्याही दुसऱ्या वर्षाला जाता येतं. यात तुकडीतली 'ढ' मुलंच जातात असा जो समज आहे ना, तो मोठ्यांनी करून दिलेला आहे.

पालकांनो, तुम्ही मात्र शाळेत जाऊन थोडी चौकशी करा. शिकवणार कोण? हत्यारं किती आणि मुलं किती? पहिले काही महिने काम बॅटरीवरच होणार ना, की एकदम घरातल्या २३० व्होल्टला हात? प्रथमोपचाराची पेटी आहे का? आणि काम शिकण्याच्या नावाखाली मुलांना कुठल्या कारखान्यात फुकट राबवत तर नाहीत ना? चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हा गुन्हा आहे. शिकताना चूक करायची मुभा असते, राबताना नसते. एवढ्यावरून फरक ओळखता येतो.

आणि तू. बाबांना सांग की वर्षभरच घेऊन बघते. तोवर घरी एक गोष्ट बघ. तीन पायांच्या प्लगमधला वरचा पाय बाकी दोघांपेक्षा लांब आणि जाड का असतो? उत्तर आताच सांगतो : तो अर्थिंगचा. प्लग आत जाताना तो सगळ्यांत आधी जोडला जातो आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटतो, म्हणजे वीज यायच्या आधी आणि गेल्यानंतरही आपलं रक्षण चालू. हे बाबांना विचार. बहुतेक त्यांना माहीत असेल.

एका रविवारी त्यांच्याबरोबर कारखान्यात जा. माग बंद असताना जकार्डची कार्डं त्यांच्याकडूनच समजून घे. एका चादरीच्या नक्षीला किती कार्डं लागतात ते मोज आणि मला आकडा कळव. मी वाट पाहतोय.