कृष्णा पूर्वेसच कां वाहते?

भूगोल रुक्ष आहे, पाठ होत नाहीं, अशी सहाव्या-सातव्या इयत्तेंतील मुलांची तक्रार घरोघर ऐकूं येते. परंतु दोष विषयाचा नसून नांवांच्या घोकंपट्टीचा आहे. एकच उदाहरण घेऊं.

कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावते. तेथून अरबी समुद्र अवघा ६०-६५ किलोमीटर. तरी त्याकडे पाठ फिरवून ती सुमारें १,४०० किलोमीटर चालते व बंगालच्या उपसागरास मिळते. उलट त्याच डोंगरावरील सावित्री पश्चिमेस उतरून बाणकोटच्या खाडीवाटे अरबी समुद्र गांठते. असें कां? सह्याद्रि पश्चिमेकडे कड्यासारखा तुटलेला व पूर्वेकडे हळूहळू उतरता आहे. माथ्याच्या ज्या अंगास झरा, त्या उताराचा तो होतो. हें उत्तर मुलानें स्वतः शोधलें कीं पुढील प्रश्नहि त्यास सुचूं लागतात. महाबळेश्वरीं पाऊस धोधो, आणि थोड्याच अंतरावरील वाईस त्याचा चौथा हिस्साहि नाहीं; कारण ओले वारे घाट चढतांनाच बहुतेक रिते होतात. म्हणूनच कोंकणांत भात आणि देशावर ज्वारी.

वडील मंडळींनीं एवढेंच करावें : अंगणांत ओल्या मातीचा सह्याद्रि रचावा, माथ्यावर तांब्याभर पाणी ओतावें, आणि उत्तर न सांगतां मुलास पाहूं द्यावें. खिशांतील भ्रमणध्वनि हल्लीं वाट दाखवितो. ती वाट तशी कां, हा प्रश्न मात्र मुलाच्या मनांतच उपजावा लागतो. परीक्षेंत चार गुण कमी पडले तरी ते पुढें भरून निघतील, “कां?” असें विचारण्याची संवय एकदां मोडली, तर ती पुन्हा लावणें फार कठीण.