विश्लेषण : वॉटर पार्कला पुन्हा कधी? लाखनीतल्या घरांचा सहा उन्हाळ्यांचा हिशेब

वार्षिक परीक्षा संपली की लाखनीतल्या अनेक घरांत एक प्रश्न हमखास निघतो : यंदा नागपूरला, वॉटर पार्कला जायचे का? मुलांचे उत्तर ठरलेले असते. मोठ्यांचे उत्तर मात्र लग्नाच्या तारखा, गाडीचे भाडे आणि धानाचे चुकारे पाहून ठरते. ‘मागल्या वर्षीच तर गेलो होतो’ हे वाक्यही त्यात येतेच. एकदा पाहिलेल्या ठिकाणी कुटुंबे पुन्हा का जातात, किती वेळा जाऊ शकतात आणि ज्यांना एकदाही जाता येत नाही त्यांचे काय, याचा हा आढावा.

पार्कांसाठी ‘पुन्हा येणे’ इतके महत्त्वाचे का?

थीम पार्कचा बहुतेक खर्च ठरलेला असतो. जमीन, यंत्रे, वीज, पाणी, जीवरक्षक आणि देखभाल यांवर शंभर माणसे आली काय किंवा पाच हजार आली काय, फारसा फरक पडत नाही. एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरात राहणारी कुटुंबे मोजकीच असतात. सगळी एकदा येऊन गेली की नवे ग्राहक आणायचे कोठून? म्हणून जुन्यांनाच पुन्हा बोलवावे लागते.

महाराष्ट्रातील पार्कांची वाटचाल हेच सांगते. मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले. त्याच आवारात १९९८ मध्ये वॉटर किंगडम आले. खोपोलीजवळच्या इमॅजिकाने २०१३ मध्ये थीम पार्क उघडले, पुढच्याच वर्षी वॉटर पार्क आणि २०१६ मध्ये स्नो पार्क जोडले. ‘ते तर पाहिले’ म्हणणाऱ्याला दर दोन-तीन वर्षांनी नवे काही दाखवावे लागते. तरीही हा धंदा सोपा नाही. कर्जाच्या ओझ्याखाली आलेल्या इमॅजिकाची मालकी २०२२ मध्ये मालपाणी समूहाकडे गेली आणि त्याच वर्षी एस्सेलवर्ल्ड बंद झाले. एका पिढीच्या शालेय सहलींची आठवण असलेले नावही टिकले नाही.

१९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडणाऱ्या वॉल्ट डिस्ने यांचीही भूमिका अशीच होती, की हे उद्यान कधीच ‘पूर्ण’ होणार नाही, त्यात भर पडतच राहील. तिथे वर्षभराचे पास असतात आणि जवळपास राहणारी कुटुंबे वर्षातून अनेकदा जातात. पासचे गणित सरळ आहे. तो तीन तिकिटांच्या किमतीत मिळत असेल, तर चौथ्या फेरीपासून फायदा सुरू होतो. पण हे पार्कशेजारी राहणाऱ्याचे गणित झाले.

लाखनीहून एका फेरीला खर्च किती?

लाखनी राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे. भंडाऱ्यामार्गे नागपूर सुमारे ८० किलोमीटर. पण मोठे पार्क शहराच्या पलीकडच्या बाजूला, अमरावती मार्गावर आहे. बाजारगावजवळच्या फन अँड फूड व्हिलेजपर्यंत जायचे तर एका बाजूचेच अंतर शंभर किलोमीटरच्या वर जाते.

आई-वडील, दोन मुले आणि आजी असे पाच जणांचे कुटुंब धरा. तिकीट मोठ्यांचे ८००, मुलांचे ६०० आणि आजीचे ५०० रुपये मानले तर ३,३०० रुपये तिकिटांचे. ठरवून नेलेल्या गाडीचे ३,०००. लॉकर, पोहण्याचे भाड्याचे कपडे आणि आतले खाणे मिळून १,५००, कारण घरचा डबा बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत. एकूण ७,८०० रुपये. दर पार्कनुसार आणि हंगामानुसार बदलतात, हा केवळ अंदाज आहे. पण महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली. म्हणजे एका दिवसाची ही मौज २५ दिवसांच्या मजुरीइतकी पडते.

सरकारी निर्णयांनी थोडा भार कमी केला आहे. थीम पार्क आणि वॉटर पार्कच्या प्रवेशावरील जीएसटी जानेवारी २०१८ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. त्यामुळे आई, आजी आणि मुले एसटीने नागपूरपर्यंत स्वस्तात पोहोचतात. अडचण पुढे आहे. बसस्थानकापासून पार्कपर्यंतचा टप्पा आणि संध्याकाळी थकलेल्या मुलांना घेऊन परतीची गाडी गाठणे, यासाठी शेवटी खासगी गाडीच ठरवली जाते.

सहाच उन्हाळे कसे?

पैशाइतकीच मर्यादा वयाची असते. मोठ्या घसरगुंड्यांना आणि वेगवान राईड्सना उंचीची अट असते. साधारण सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलाला उथळ हौदापाशीच थांबवतात. दुसरीकडे दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी आई-बाबांपेक्षा मित्रमैत्रिणींसोबत जाणे पसंत करते. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला कुटुंबासोबतचे उन्हाळे येतात साधारण दहा.

दोन भावंडांत चार वर्षांचे अंतर असेल तर हा आकडा आणखी घटतो. धाकटा सहा वर्षांचा होतो तेव्हा थोरली दहाची असते. ती सोळाची झाली की दोघांनी मिळून जाण्याचा काळ संपतो. उरतात सहा उन्हाळे. त्यातला एक दहावीच्या शिकवणीत जातो, एक घरातल्या लग्नात आणि एखादा धान हातचे गेल्यामुळे. राहिले तीन.

‘दरवर्षी तेच काय?’ असे म्हणताना मोठ्यांच्या लक्षात येत नाही ते हे. दरवर्षीचे असे काही नसतेच. फेऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात.

मुलांना तेच ठिकाण पुन्हा का हवे असते?

पहिल्या फेरीत मूल बावरलेले असते. उंच घसरगुंडीच्या जिन्यावरून ते परत फिरते आणि तिचाच विचार वर्षभर करते. दुसऱ्या फेरीत त्याला ती घसरगुंडी जिंकायची असते. म्हणून ठिकाण तेच असले तरी मुलासाठी दुसरी फेरी वेगळी असते.

मोठ्यांची कारणे व्यवहारी आहेत. सावली कुठे आहे, स्वच्छतागृह कसे आहे, आजीला कुठे बसवायचे, हे ठाऊक असते. नव्या जागी फसवणुकीची धास्ती असते, जुन्या जागी नसते. शिवाय नोबेल पुरस्कार विजेते मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी दाखवल्याप्रमाणे, एखादा अनुभव आपण त्यातल्या सर्वांत तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून लक्षात ठेवतो. रांगेतला तास विसरला जातो. उरतो लाटेचा पहिला तडाखा आणि परतीच्या वाटेवर खाल्लेले आइस्क्रीम.

मग मंडईला खंड का पडत नाही?

पार्कची फेरी चुकते, पण भंडारा-गोंदियाच्या गावांत एक ठिकाण असे आहे जिथे कुटुंबे वर्षानुवर्षे न चुकता जातात. ती म्हणजे मंडई. दिवाळीनंतर, धान घरात येण्याच्या दिवसांत गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो, त्यामुळे आज या गावची तर उद्या शेजारच्या गावची, असे पाहुणपण चालते. लेकी माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, आकाशपाळणे लागतात, गुपचूपच्या गाड्यांभोवती मुले जमतात. दुपारी दंडार किंवा खडी गंमत आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक.

थीम पार्क ज्यासाठी धडपडते, ते मंडईला आपोआप साधते. प्रवेशाला तिकीट नाही. अंतर सायकलचे किंवा दुचाकीचे. दिवस ठरलेला, म्हणून वेगळे ठरवावे लागत नाही. हातात नुकताच पैसा आलेला असतो. आणि मुख्य म्हणजे आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाला तिथे काम असते. पार्कमध्ये आजी पिशव्या सांभाळत बसते. मंडईत मात्र ती दहा जणांशी बोलत असते.

लोक पुन्हा येतात ते नव्या पाळण्यासाठी नव्हे, त्यांना भेटायची माणसे तिथे असतात म्हणून. कोट्यवधींची यंत्रे बसवणाऱ्या पार्कांनाही हे सहज जमत नाही.

जवळची इतर ठिकाणे कोणती?

साकोलीच्या पुढे नागझिरा आहे. १९७० पासून अभयारण्य आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. जंगल दर फेरीला वेगळे दिसते, त्यामुळे पुन्हा जाण्याचे कारण संपत नाही. पण जिप्सी, वाटाड्या आणि प्रवेश यांचा खर्च धरला तर सफारीही सामान्य घरासाठी क्वचितचीच ठरते आणि पावसाळ्यात ती बंद असते. नागपूरचे महाराजबाग प्राणिसंग्रहालय आजोबांच्या पिढीपासूनचे आहे. जानेवारी २०२१ मध्ये गोरेवाड्याचे प्राणी उद्यान खुले झाले.

आणि सर्वांत जवळ आहेत तलाव. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेल्या आणि पुढे मालगुजारी म्हणून ओळखल्या गेलेल्या या तलावांच्या पाळीवर रोज संध्याकाळी फुकट जाता येते. तिथे बसायला जागा, दिवे आणि काठाला कठडा असला, तर वेगळे उद्यान उभारण्याची गरजही अनेक ठिकाणी पडणार नाही.

आता करायला काय हवे?

‘आमच्याकडेही मोठे पार्क हवे’ ही मागणी अधूनमधून होते. पण मोठे पार्क पुन्हा येणाऱ्या गर्दीवर जगते. लहान शहराभोवती तेवढी गर्दी नसेल तर तिकीट महागते, यंत्रे गंजतात आणि शेवटी कुलूप लागते. मुंबईलगतचे पार्क जिथे बंद पडते, तिथे हा धोका ओळखायला हवा. त्याच पैशात तीन कामे होऊ शकतात.

पहिले, शहरातली बाग आणि तलावाची पाळ नीट ठेवणे. झोपाळे बसवणे एका दिवसाचे काम आहे. तुटलेली साखळी आठवड्यात दुरुस्त होणे महत्त्वाचे, कारण मूल तिथे वर्षातून एकदा नाही, शंभरदा जाते.

दुसरे, मंडईतल्या पाळण्यांची तपासणी. राईड्सच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक ब्युरोची मानके आहेत. मात्र फिरत्या पाळण्यांचे नट-बोल्ट, वायरिंग आणि चालवणाऱ्याचे प्रशिक्षण उभारणीच्या दिवशीच कोणीतरी पाहायला हवे. परवानगीचा कागद पाळणा धरून ठेवत नाही. पिण्याचे पाणी आणि महिलांसाठी स्वच्छतागृह हेही त्याच यादीत आले.

तिसरे, शाळांच्या सहली. ज्या घरात तेंदूपत्ता आणि रोवणीच्या मजुरीवर वर्ष निघते, तिथल्या मुलासाठी वॉटर पार्क ‘पुन्हा’ नसते, पहिल्यांदाही नसते. एसटी महामंडळाच्या सवलतीची बस, पार्कांनी उन्हाळ्याबाहेरच्या ओस दिवसांत दिलेले कमी दर आणि शाळेचे नियोजन एकत्र आले, तर ते मूल किमान एकदा जाऊ शकते. पार्कांचाही त्यात तोटा नाही. पुढे स्वतःच्या मुलांना घेऊन तिथे येतात ते लहानपणी आलेलेच.

विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. उन्हाने सुटी लांबवली आहे, पण ती घालवायला जागा दिलेली नाही. तोवर लाखनीतल्या घरांत यंदाही तोच प्रश्न निघेल. सहातला एखादा उन्हाळा शिल्लक असेल, तर ‘मागल्या वर्षीच गेलो होतो’ हे कारण पुरेसे नाही.