वेधशाळेच्या कुंपणाबाहेरचे विज्ञान

मुंबईच्या रस्त्यांवरून घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन त्यांच्या जागी विजेच्या ट्रामगाड्या येणार, हे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निश्चित झाले आणि कुलाब्याच्या वेधशाळेपुढे एक विलक्षण पेच उभा राहिला. या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे घेतली जात होती व १८४६ पासूनच्या नोंदी तर अखंड होत्या. ट्रामचा विद्युत्प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परत फिरू लागला, की त्याच्या चुंबकी परिणामाने वेधशाळेतील नाजूक सुया विचलित होणार आणि पृथ्वीचे चुंबकत्व कोणते व ट्रामचे कोणते हे सांगणे दुरापास्त होणार, हे उघड होते. तेव्हाचे संचालक नानाभॉय अर्देशर फ्रामजी मूस यांनी यावर उपाय म्हणून खाडीपलीकडचे अलिबाग निवडले. १९०४ मध्ये तेथे मोजमापे सुरू झाली. जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा नीट जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी काम चालू ठेवण्यात आले व मगच कुलाब्याचे काम थांबले. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. मुंबईच्या कुलाब्याची वेधशाळा अशा रीतीने कुलाबा जिल्ह्याच्या मुख्य गावी आली. हा जिल्हा १९८१ मध्ये ‘रायगड’ झाला हे खरे. परंतु नावांचा हा योगायोग जुन्या अलिबागकरांना अद्यापि गमतीचा वाटतो.

अलिबागची इमारत बांधताना लोखंडाचा खिळाही वर्ज्य होता. कोकणातला काळा दगड ज्वालामुखीच्या रसापासून बनलेला असून त्यात लोहचुंबकी खनिज असते. म्हणून भिंतींसाठी पोरबंदरचा वालुकाश्म समुद्रमार्गे आणण्यात आला. या सोवळेपणाचे फळ असे की, कुलाबा व अलिबाग मिळून पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाची जी नोंदमाला सिद्ध झाली आहे, तिच्या तोडीच्या नोंदमाला जगात मोजक्याच सापडतील. १९७१ पासून ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि त्या संस्थेचे मुख्यालयही आता याच जिल्ह्यात, नवीन पनवेल येथे आहे.

या नोंदींचा उपयोग काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील आणि तो विचारलाच पाहिजे. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील स्फोटामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकी वादळ झाले. युरोप-अमेरिकेतील तारयंत्रे त्यात बिघडली. उत्तरेकडील बऱ्याच वेधशाळांत मोजपट्टीच अपुरी पडली. कुलाब्यात मात्र निरीक्षकांनी दुर्बिणीला डोळा लावून, एरवी तासातासाने घ्यायची नोंद काही मिनिटांच्या अंतराने घेतली आणि क्षितिजसमांतर चुंबकी बल सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांनी उतरल्याचे लिहून ठेवले. ही घट मूळ बलाच्या सुमारे चार टक्के भरते. या आकड्यांचे महत्त्व जगाला कळले ते २००३ मध्ये, शास्त्रज्ञांनी त्या जुन्या वह्यांचा पुन्हा अभ्यास केला तेव्हा. मधल्या काळात, मार्च १९८९ मध्ये, याहून पुष्कळ सौम्य वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील साठ लाख लोकांची वीज नऊ तास घालवली होती. मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानले येथून आकाशात तांबूस प्रभा दिसली. आज वीजजाळे आणि उपग्रह यांवर विसंबलेल्या देशाला असे वादळ किती मोठे असू शकते हे ठाऊक असणे अगत्याचे आहे, आणि त्यासाठी जगाला दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबईतील काही निरीक्षकांच्या हस्ताक्षराकडे जावे लागते!

असे वैभव दाराशी असताना किनाऱ्यावरील शाळांचा त्याच्याशी संबंध किती आणि कसा यावा, हा खरा प्रश्न आहे. वेधशाळेचे दरवाजे सताड उघडावेत, ही पहिली सुचणारी सूचना अव्यवहार्य आहे. पाचशे मुले, त्यांच्या दप्तरांच्या कड्या, कंपासपेट्या, शिक्षकांच्या किल्ल्या आणि फाटकाशी उभी केलेली बस, एवढे लोखंड घेऊन जत्रा आत शिरली, तर जिच्यासाठी मुंबई सोडली तीच गोष्ट अलिबागेत गमावली जाईल. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी अशा संस्थांतून मुलांचे स्वागत होते व ते व्हावेच; पण वर्षातील एका दिवसाच्या दर्शनाने देवळातली मूर्ती पाहिल्याचे समाधान मिळते, विज्ञान हाती लागत नाही.

दुसरा मार्ग शैक्षणिक सहलीचा. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र हे देशातील अग्रगण्य केंद्रांपैकी एक. १९७९ मध्ये तेथे विज्ञान उद्यान सुरू झाले, १९८५ मध्ये पूर्ण केंद्र उघडले आणि लक्षावधी मुलांनी ‘हात लावू नये’ या पाटीऐवजी ‘हात लावून पाहा’ हा अनुभव तेथे प्रथम घेतला. या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु मुरूड किंवा श्रीवर्धनच्या शाळेच्या दृष्टीने संग्रहालयाची किंमत म्हणजे प्रवेशाचे तिकीट नव्हे. ती किंमत म्हणजे बसचे भाडे, वाटेतले जेवण आणि मजुरीवर जाणाऱ्या आईबापांना मुलाच्या हाती द्यावे लागणारे चार पैसे. तिकिटात कितीही सवलत दिली तरी ही किंमत फारशी उतरत नाही, कारण ती अंतराची किंमत आहे. ज्यांना परवडते तेच जातात. आणि सार्वजनिक पैशाने उभारलेल्या संस्थेचा लाभ जवळच्यांना व सुस्थितांना अधिक मिळतो, हा अर्थशास्त्रातला जुना अनुभव येथेही येतो.

म्हणूनच मुलांना संग्रहालयाकडे नेण्याऐवजी संग्रहालयच गावी न्यावे, ही कल्पना निघाली. कलकत्त्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालयाने १९६५ मध्ये फिरत्या प्रदर्शनाला आरंभ केला आणि पुढे देशभर अशा गाड्या हिंडू लागल्या. अंतराचा खर्च अशा रीतीने हजारो पालकांवरून एका गाडीवर आला, हे अर्थदृष्ट्या शहाणपणाचेच झाले. मात्र गाडी दोनचार दिवसांनी पुढच्या गावी जाते. नंतर मुलाला पडलेला प्रश्न कोणाला विचारायचा?

त्याचे उत्तर ‘शिक्षकाला’ असे आहे, आणि आपल्याकडील व्यवस्थेत नेमका तोच दुवा उपेक्षिला गेला आहे. सहलीत शिक्षकाचे काम काय असते? मुलांची डोकी मोजणे, पाण्याच्या बाटल्या सांभाळणे आणि वेळेवर बस सोडणे. दालनात कोणते उपकरण असावे, त्याखालची पाटी कोणत्या भाषेत व कोणत्या इयत्तेच्या मुलासाठी लिहावी, पाठ्यपुस्तकातल्या कोणत्या धड्याशी त्याची गाठ घालावी, याबद्दल त्याला विचारण्याची रीत नाही. वास्तविक संग्रहालयाला वस्तू ठाऊक असते आणि शिक्षकाला मूल ठाऊक असते. या दोन ज्ञानांपैकी दुसरे कमी प्रतीचे, अशी एक समजूत विद्वानांत रूढ आहे. तिला आधार नाही.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोचे ‘एक्सप्लोरेटोरियम’ हे संग्रहालय १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमर या पदार्थवैज्ञानिकाने काढले. राजकीय संशयामुळे विद्यापीठाचे दरवाजे बंद झाल्यावर त्याने काही वर्षे गुरे पाळली होती आणि मग कोलोरॅडोतील एका खेड्याच्या शाळेत विज्ञान शिकवले होते. त्याच्या संग्रहालयात शिक्षकांना जे मानाचे स्थान मिळाले, त्याचे मूळ त्या खेड्यातल्या शाळेत शोधावे लागते. आपल्याकडेही १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्रारंभीच्या वर्षांतच जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शिक्षकांना हाताशी धरून काम केले. विज्ञान मुलांना कठीण वाटते त्यात विषयाइतकाच भाषेच्या बोजडपणाचा वाटा असतो, हे त्या केंद्राने आपल्या अभ्यासांतून पुढे आणले.

परंतु इतक्या दूर जाण्याची तरी काय गरज? अलिबागपासून दोन-तीन कोसांवरील नागाव हे केरो लक्ष्मण छत्रे यांचे जन्मगाव. कुलाब्याची वेधशाळा त्या काळी एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्याकडे होती. त्यांच्या हाताखाली, १८४० च्या सुमारास, मिसरूडही न फुटलेले केरूनाना कामाला लागले. पुढे ते पुण्यास प्राध्यापक झाले, मराठीत अंकगणित व पदार्थविज्ञानाची पुस्तके लिहिली, पंचांगशोधनासाठी ग्रहगणिताची कोष्टके केली आणि टिळक-आगरकरांसारखे शिष्य घडवले. वेधशाळेची सूक्ष्म दृष्टी आणि शिक्षकाची वाणी एका माणसात एकत्र आली, की समाजाला काय लाभते याचा हा दाखला आहे. केरूनानांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी ती वेधशाळाच त्यांच्या गावाजवळ राहायला आली!

आज हे कार्य एका माणसाकडून अपेक्षिणे गैर होईल. पण दोन संस्थांकडून ते होऊ शकते. वेधशाळेपासून सुरक्षित अंतरावर जुनी उपकरणे आणि नोंदींचे कागद मांडलेले एक लहानसे दालन असावे आणि त्याची रचना शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावरच्या दहाबारा शिक्षकांसमवेत बसून करावी. त्याचा गाभा मात्र शाळेत असेल. एका बरणीत पीळ नसलेल्या रेशमी धाग्याला छोटा चुंबक टांगावा, त्यावर आरशाचा तुकडा चिकटवावा आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका दहा फुटांवरच्या भिंतीवर पाडावा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हा ठिपका काही मिलिमीटर सरकतो. मोठे चुंबकी वादळ आले तर अधिक. शेजारी कोणी सायकल आणून टेकवली तरीही तो सरकतोच. आणि वेधशाळेत आपल्याला सर्रास का सोडत नाहीत, हे मुलाला त्या क्षणी कोणी न सांगता समजते. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन अशा ठिकाणच्या शाळांनी महिनाभर नोंदी घ्याव्यात व संस्थेने त्याच दिवसांचे अलिबागचे आलेख त्यांना द्यावेत.

गावाचाही यात भाग असू शकतो. होकायंत्र वापरलेले कोळी प्रत्येक गावात आहेत. उधाण आणि भांग यांचे गणित त्यांच्या जिभेवर असते, आणि कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायचे असेल तर अलिबागचा कोणीही मनुष्य तिथीवरून वेळ सांगतो. मुंबईत अपोलो बंदराशी १८७८ पासून भरती-ओहोटीची यंत्रनोंद होत आली आहे. ती आणि वडीलधाऱ्यांचे तोंडी गणित ताडून पाहणे हा आठवीच्या वर्गाला पेलणारा अभ्यास आहे. बांध फुटून भातशेतीत खारे पाणी शिरण्याचे दुःख ज्या गावांनी सोसले आहे, तेथे हा विषय परीक्षेपुरता राहणार नाही.

खर्चाची बाजू राहते. इमारतीसाठी पैसा मिळणे आता तितके अवघड नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्यास सांगितले आहे आणि या किनाऱ्यावर थळ, उसर, डोलवी येथे मोठे कारखाने आहेत. अडचण अशी की, देणगीदाराला कोनशिला बसवता येईल अशी वस्तू हवी असते. शिक्षकाच्या वेळेवर कोनशिला बसत नाही. तोच वेळ सर्वांत दुर्मीळ आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण याखेरीज शिक्षकांना शाळाबाह्य कामांना जुंपू नये असे म्हटले असले, तरी कागदांचे आणि माहिती भरण्याचे ओझे कमी झाल्याचे शिक्षक म्हणत नाहीत. अशा शिक्षकाला आणखी एक उपक्रम म्हणून हे काम दिले, तर तो अहवाल लिहील आणि छायाचित्र पाठवील. ठिपका कोणी पाहणार नाही. तेव्हा जिल्हा परिषदेने भाग घेणाऱ्या शिक्षकाला आठवड्याच्या दोन तासिका या कामासाठी मोकळ्या करून द्याव्यात, त्या तासिका वेळापत्रकात छापाव्यात, आणि कंपन्यांच्या निधीतून बदली शिक्षकाचे मानधन द्यावे. चुंबक, धागा, आरसा यांचा खर्च शाळेच्या किरकोळ खात्यातून भागेल. नोंदवहीला रकाने फार नकोत. दिनांक, वेळ, ठिपक्याचे स्थान आणि त्या वेळी शेजारच्या रस्त्याने एस.टी. गेली की नाही, एवढे पुरे.