ज्या दुःखाला सुतक नाही

“डॉक्टर, हे कुत्रं तुमचं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक पशुवैद्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. भालकी-औरादकडचा मालक तो मराठीत विचारतो, हुमनाबादचा कन्नडमध्ये, बिदर शहरातला दख्खनीत. टेबलावर बारा वर्षांचा लॅब्रेडॉर असतो, नाहीतर शेतावरचा गावठी मोती. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन सहाच्या वर गेलेले असते. आयरिस या मूत्रपिंडविकारांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाच्या वर्गवारीत कुत्र्याचे क्रिएटिनिन पाचाच्या पुढे गेले की मूत्रपिंडविकाराचा चौथा, म्हणजे शेवटचा टप्पा, हे डॉक्टरला पाठ असते. विचारणाऱ्याला त्या आकड्याशी फारसे देणेघेणे नसते. निर्णयाचे ओझे एकट्याला पेलत नाही, म्हणून तो विचारतो.

यावर सहसा दोन उत्तरे मिळतात. एक, “तुम्ही ठरवा.” दुसरे, “आणखी चार दिवस सलाईन लावून बघू.” पहिले उत्तर कोरडे आहे, पण निदान प्रामाणिक आहे. दुसरे त्याहून वाईट, कारण पुष्कळदा ते सलाईन कुत्र्यासाठी नसतेच. डॉक्टरला नको असलेले बोलणे तेवढे चार दिवस पुढे ढकलले जाते.

यात दोष एकट्यादुकट्याचा नाही. बिदरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८५ चे. नंदीनगरला पुढे राज्याचे पशुवैद्यकीय विद्यापीठ उभे राहिले. सीमेपलीकडे उदगीरचे महाविद्यालय आहे. या सगळ्यांचा पाया देवणी गाय, म्हैस आणि शेळी यांच्यावर घातलेला. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात शल्यक्रिया, औषधे, विकृतिशास्त्र सगळे येते. रडणाऱ्या मालकाशी कसे बोलायचे, हे मात्र बहुतेक जण ज्येष्ठांना पाहून शिकतात. ज्येष्ठ फटकळ असले, तर शिष्यही फटकळ होतो.

म्हैस मेली तर निदान एक रीत ठरलेली असते. शवविच्छेदन होते, विम्याचा दाखला लिहिला जातो, पंचनामा होतो. बैल गेला तर शेजारपाजारचे समाचाराला येतात, “लई गुणी होता” म्हणतात. कुत्रे मेले तर? दाखला नाही, समाचार नाही, सुतक नाही, कचेरीत रजा नाही. “कुत्रंच होतं ना, दुसरं आणा,” एवढ्यावर विषय मिटतो. रतन टाटांनी २०१८ मध्ये आपले एक कुत्रे आजारी पडले म्हणून बकिंगहॅम पॅलेसमधला सन्मान सोहळा चुकवला, ही उद्योजक सुहेल सेठ यांनी सांगितलेली हकिकत लोक कौतुकाने एकमेकांना पाठवतात. त्याच कारणासाठी आळंदच्या एखाद्या कारकुनाने अर्ध्या दिवसाची रजा मागून पाहावी.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाला नाव दिले. त्याचा आशय असा की, समाज ज्याला दुःख मानायलाच तयार नसतो, ते दुःख माणसाने चोरून सोसायचे. मराठीत ‘सुतक नसलेले दुःख’ म्हटले की कोणालाही कळेल.

गंमत अशी की हा मुलूख कुत्र्याला देवाच्या पायाशी बसवणारा आहे. अफझलपूर तालुक्यातल्या गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला जाणारा भाविक दत्ताच्या पायाशी असलेल्या चार कुत्र्यांना चार वेद मानतो. बिदर जिल्ह्यातल्या मैलारला खंडोबा, आणि खंडोबाबरोबर त्याचे कुत्रे. याहून मोलाचा पुरावा दगडात कोरलेला आहे. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर गावचा इ.स. ९४९-५० चा शिलालेख राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या काळातला. त्याची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. चोळांविरुद्धच्या तक्कोलमच्या लढाईत पराक्रम गाजवलेल्या मनलर नावाच्या वीराने बक्षीस म्हणून काय मागितले, तर ‘काळी’ नावाचे शिकारी कुत्रे. ते रानडुकराशी झुंजताना मेले; डुक्करही मेले. मनलराने देवळापुढे शिळा उभी केली, वर कुत्र्या-डुकराची झुंज कोरून घेतली, पूजेसाठी जमीन लावून दिली आणि पुजाऱ्याने शिळेची पूजा केल्याशिवाय जेवायचे नाही, असे बजावले. ती शिळा आता बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या एका लढवय्याला आपले दुःख चारचौघांत मांडायला लाज वाटली नव्हती.

आता दवाखान्याकडे. माणसांतल्या कर्करोग-रुग्णांना वाईट बातमी कशी सांगावी, यासाठी २००० मध्ये सहा पायऱ्यांची स्पाइक्स पद्धत मांडली गेली. ती पशुवैद्यकातही वापरतात. तिचे सार आपल्याकडच्या आजीबाईलाही ठाऊक आहे: आधी बसवा, त्यांना काय कळले आहे ते विचारा, मग सांगा, आणि सांगून झाल्यावर गप्प राहा. हे गप्प राहणेच जमत नाही. आपल्याकडे कुत्र्याबरोबर पाच माणसे येतात. पैसे आजोबा देतात, खायला आई घालते, कुत्रे मात्र मुलाचे असते. डॉक्टर आजोबांशी बोलतो आणि कोपऱ्यातला मुलगा ऐकत असतो, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

“कधी?” या प्रश्नासाठी डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची २००४ ची मोजपट्टी उपयोगी आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, असे सात मुद्दे. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणे सुसह्य मानायचे. गुणपत्रिका जड वाटली तर भिंतीवरचे कालनिर्णय आहेच. रोज रात्री त्या दिवसाच्या चौकोनात आईने एक खूण करायची, चांगला दिवस की वाईट. तीन आठवड्यांनी पान स्वतःच बोलते, आणि “आम्ही घाई केली का?” हा नंतरचा छळही बराच हलका होतो.

म्हातारपणाची गोष्ट तर आजाराच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवी. मोठ्या जातींची कुत्री सातव्या-आठव्या वर्षीच वयस्क होतात. “हल्ली आळशी झालाय” म्हणून आणलेल्या कुत्र्याचे पुष्कळदा सांधे दुखत असतात, आणि घरात असते गुळगुळीत शहाबादी फरशी. ती या कलबुर्गी जिल्ह्याचीच देणगी, पण संधिवाताच्या कुत्र्याला घसरगुंडी. दोन गोणपाटे अंथरली तरी निम्मे काम होते. रात्री भिंतीकडे तोंड करून भुंकणारे म्हातारे कुत्रे वेडे झालेले नसते. त्याचा मेंदू थकलेला असू शकतो. आणि गोळ्यांबद्दल पहिल्याच भेटीत ठणकावून सांगावे. माणसांची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करते, मूत्रपिंडे बिघडवते. “मीच गोळी दिली” हे वाक्य घेऊन जगणारे मालक या पट्ट्यात कमी नसतील.

शेवटच्या इंजेक्शनाला आपण ‘झोपवणे’ म्हणतो. मोठ्यांसमोर चालेल, मुलांसमोर नको. ते ऐकलेले मूल पुढे अंथरुणावर जायला घाबरू शकते. अनेक घरांत हा पर्यायच मान्य नसतो, ‘दोरी त्याच्या हातात’ अशी श्रद्धा असते. तिथे वाद घालू नये. वेदना कमी ठेवण्याचे काम उरतेच. ज्यांनी होकार दिला, त्यांची लेखी संमती घ्यावी, बिलही आधीच उरकावे. मेलेल्या कुत्र्याशेजारी सुटे पैसे मोजायला लावण्याइतके क्रूर दुसरे काही नाही. आधी गुंगीचे औषध, मग बाकीचे. डोळे उघडेच राहतील, एखादा श्वास नंतरही आल्यासारखा वाटेल, लघवी होईल, हे अगोदर सांगितले नाही तर मालक जन्मभर म्हणतो, “तो जिवंत होता.” घरातले दुसरे कुत्रे बाहेर ठेवावे. भटक्या कुत्र्यांसाठीच्या २००१ च्या नियमांतही एका कुत्र्यासमोर दुसऱ्याला दयामरण देऊ नये, असे लिहिले होते. जे रस्त्यावरच्या कुत्र्याला लागू, ते घरातल्याला का नको?

देहाचे काय करायचे, हे विचारायला मालकाला संकोच वाटतो. मोठ्या शहरातली विद्युतदाहिनी इथे बहुतेकांच्या हाताशी नाही, शेतच खरे. कलबुर्गीकडच्या काळ्या मातीत खड्डा सहज होतो, बिदरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर दोन माणसांना पहार घेऊन घाम गाळावा लागतो आणि खड्डा उथळ राहतो. औषध दिलेला देह कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरला तर त्यांनाही विषबाधा होते, म्हणून छातीएवढी खोली हवी. रेबीजचा संशय असेल तर सारे वेगळे: देहाला हात नाही, कवटाळणे नाही, आणि घरातल्यांना त्याच दिवशी लशीसाठी माणसांच्या दवाखान्यात पाठवायचे. तिथे दुःख आणि भीती एकाच वेळी घरात शिरतात.

आणि नंतर? डॉक्टरचे काम इथे संपले, असे बहुतेकांना वाटते. या मासिकाचे मत तसे नाही, मात्र सगळे डॉक्टरने एकट्याने करावे, असेही नाही. ज्या घराने गेल्या वर्षी हेच भोगले, त्याच्याइतका चांगला समाचार कोण घेणार? बसवकल्याणच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने आपल्या कुत्र्याला आठ महिने त्वचेखालून सलाईन दिलेले असेल. नव्याने त्या वाटेवर आलेल्या मालकाला सुई कशी धरायची, हे तो डॉक्टरपेक्षा नीट दाखवील, आणि शेवटी शेजारी बसेलही. अशी माणसे प्रत्येक दवाखान्याच्या रजिस्टरात आहेत. त्यांना विचारून, संमतीने, दोन-चार नावे वेगळी लिहून ठेवायची, इतकेच. फक्त सांत्वन म्हणून लगेच पिल्लू पुढे करणाऱ्यांना त्या यादीत घेऊ नये.

सदस्य पशुवैद्यांना एक विनंती. रजिस्टरात ‘मृत’ हा शेरा लिहिला की त्याच्यापुढे एक रकाना वाढवावा: तिसऱ्या दिवशी फोन केला, तारीख. सहा महिन्यांनी त्या फोनांवर काय ऐकायला मिळाले, ते मालकांची नावे गाळून संपादकांकडे पाठवावे. कन्नड, मराठी, दख्खनी, कोणत्याही भाषेत चालेल.