बिनकडीचे दार

कोजागरीचे दूध पोटात जिरते न जिरते तोच घरोघर चकल्यांचे घाणे सुरू होतात. त्याच पौर्णिमेला बौद्ध विहारांत वर्षावास संपतो, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळांच्या गावीही नसते. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने भिक्षूंनी एके ठिकाणी राहायचे आणि शेवटच्या दिवशी एकमेकांसमोर बसून विनवायचे, की माझ्या वागण्यात काही वावगे दिसले असेल, कानांवर आले असेल, नुसता संशय आला असेल, तरी दया करून सांगा. ह्याला प्रवारणा म्हणतात. दिवाळीसाठी घर झाडण्याआधी माणसाने स्वतःला झाडून घ्यावे, ही कल्पना आम्हांला फार आवडते. (आमच्या घरी ती अमलात आणण्याचे धैर्य अजून झालेले नाही.)

गेल्या वर्षी ह्याच पंधरवड्यात आमचे एक जुने स्नेही घरी आले. गृहस्थ मूळचे विदर्भातले. नोकरीपायी कल्याणला आले आणि तिथेच निवृत्त झाले. त्यांच्या वडिलांनी १९५६ साली नागपूरला लाखोंच्या समुदायात उभे राहून बाबासाहेबांकडून धम्म घेतला होता. पाच वर्षांपूर्वी थोरल्या मुलाने चीवर घेतले, तेव्हा ह्यांनी सबंध वसाहतीत जिलेबी वाटली. त्या दिवशी मात्र चेहरा उतरलेला. पाण्याचा पेला पुढे केला तरी हातात घेईनात.

"मास्तर, पोरगं परत आलं," ते म्हणाले. "पँट-शर्टात आलं. मन लागत नाही, असं भन्तेंना सांगून निघालो म्हणतं. लग्न करायचं म्हणतंय. वसाहतीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. तुम्ही थोडंफार पाली वाचता. ह्याला प्रायश्चित्त काय, तेवढं सांगा."

"चीवर अंगावर असताना त्यानं काही गैर केलं का?"

"छे! तसं असतं तर उंबऱ्याच्या आत घेतला नसता."

"मग प्रायश्चित्त कशाचं?"

ते आमच्याकडे बघतच राहिले. त्यांना त्या दिवशी जे सांगितले तेच इथे जरा ऐसपैस लिहितो. कारण हा घोटाळा त्यांच्या एकट्याच्या मनात नाही. ब्रह्मचर्य म्हटले की आपल्याला एक तर भीष्म आठवतो, नाहीतर विश्वामित्र. एकदा शब्द गेला की जग बुडाले तरी तो पाळायचा, आणि पाळता आला नाही तर तो अधःपात. बुद्धाच्या संघात ह्या दोहोंखेरीज तिसरी वाट होती.

भिक्षूच्या ब्रह्मचर्याचा नियम कसा झाला, ती कथा विनयपिटकात आहे. वैशालीजवळच्या कलंदक गावच्या शेटजींचा मुलगा सुदिन्न. बुद्धाचा उपदेश ऐकून तो घर सोडायला निघाला. आईबाप नको म्हणाले. पठ्ठ्या भुईवर आडवा झाला आणि सात वेळचे जेवण टाकले, तेव्हा कुठे रुकार मिळाला. पुढे वज्जींच्या देशात दुष्काळ पडला, भिक्षा मिळेनाशी झाली. आपले गणगोत सधन आहे, त्यांच्या आधाराने चार भिक्षूंचे पोट भरेल, अशा विचाराने सुदिन्न आपल्या गावाकडे आला. घरची दासी रात्रीचे शिळे अन्न टाकायला दाराबाहेर आली होती. "टाकायचेच आहे तर माझ्या पात्रात टाक, ताई," असे तो म्हणाला. हातापायांवरून आणि आवाजावरून तिने धाकटे मालक ओळखले.

मग घरात बोलावणे झाले. सोन्याच्या राशी मांडून झाल्या, नटूनथटून पत्नी पुढे येऊन झाली. सुदिन्न हलला नाही. हे सोने गंगेत नेऊन टाका, म्हणाला. शेवटी आईने निराळीच गोष्ट मागितली. तू येत नाहीस तर नको येऊस, पण बीज तरी दे. नाहीतर निपुत्रिकाची मालमत्ता म्हणून लिच्छवी आपले घरदार ताब्यात घेतील. एवढे करता येईल, असे सुदिन्नाला वाटले. तोवर त्याविरुद्ध नियमही नव्हता. महावनात तो पत्नीला भेटला आणि तिला मुलगा झाला. लोकांनी मुलाचे नाव बीजक ठेवले, आणि सुदिन्नाला बीजकाचा बाप म्हणू लागले. बीजक आणि त्याची आई दोघेही पुढे संघात गेली.

इथे आम्ही नेहमी थबकतो. सोने आणि शृंगार ह्यांना न भुललेला माणूस आईच्या रडण्यापुढे आणि वारसाहक्काच्या कायद्यापुढे वाकला! ब्रह्मचर्याचा पहिला भंग कामवासनेने केला नाही, इस्टेटीने केला.

सुदिन्न नंतर पश्चात्तापाने वाळत गेला. अंगावर शिरा दिसू लागल्या. सोबत्यांनी खोदून विचारले तेव्हा त्याने सारे सांगितले. बुद्धाने त्याला असे काही फैलावर घेतले की ते शब्द दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत. त्यानंतर नियम झाला, की मैथुन करणारा भिक्षू पाराजिक, म्हणजे संघाला मुकलेला. सुदिन्न स्वतः मात्र त्यातून सुटला. नियमाआधी घडलेल्या गोष्टीला नियम लागत नाही.

पण कथा इथे संपत नाही. (मध्ये एका माकडिणीची गोष्ट आहे, ती वगळतो.) वज्जींपैकीच काही भिक्षूंनी चीवर अंगावर ठेवून पोटभर खाल्ले, मनसोक्त झोपा काढल्या आणि स्त्रीसंगही केला. नंतर घरादारावर आपत्ती कोसळल्या, तेव्हा आनंदाकडे येऊन आम्हांला पुन्हा भिक्षू करा म्हणून गयावया करू लागले. बुद्धाने त्यांना साफ नकार दिला. त्याच वेळी नियमात दुरुस्ती मात्र केली. ज्याने व्रत परत न करता, आपला दुबळेपणा बोलून न दाखवता मैथुन केले, तोच पाराजिक. ज्याने आधी सांगितले, व्रत परत केले आणि मग गृहस्थ होऊन संसार थाटला, तो पुन्हा आला तर त्याला घ्यावे.

वाचकहो, त्या दुरुस्तीत सगळे आले. दुबळेपणा असणे हा गुन्हा नाही; तो चिवराखाली झाकून ठेवणे हा गुन्हा. व्रत परत करायची रीत तरी किती साधी! ज्याला बोललेले समजते अशा कोणाही माणसासमोर, मी आता गृहस्थ आहे असे समजा, एवढे मनापासून म्हटले की पुरे. सभा नको, दंड नको. थट्टेत म्हटलेले किंवा वेडाच्या भरात म्हटलेले तेवढे धरत नाहीत.

ह्या बिनकडीच्या दारातून पुढे किती माणसे आली-गेली! सयामचा राजपुत्र मोंगकुट १८२४ साली भिक्षू झाला, २७ वर्षे भिक्षू राहिला, पाली शिकला, संघाची शिस्त सुधारली. आणि १८५१ साली चीवर उतरवून गादीवर बसला. त्याला एकंदर ८२ मुले झाली. हा आकडा आम्ही कौतुकाने सांगत नाही, पण थायलंडात त्याचे नाव आजही आदराने घेतात. तिथे एका वर्षावासापुरते चीवर घेऊन परत संसाराला लागणारे तरुण तर घरोघर आढळतात.

इतक्या लांब तरी कशाला जा? आमच्या गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून घराबाहेर पडले. १९०२ साली सिंहलद्वीपात त्यांनी चीवर घेतले. काही वर्षांनी ते उतरवून पुन्हा संसारात आले. १९०७ साली मुलगा झाला, तो दामोदर, पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाने ओळखला. धर्मानंदांनी कलकत्त्यापासून हार्वर्डपर्यंत पाली शिकवली, 'भगवान बुद्ध' लिहिले. कोणी त्यांना पतित म्हटल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

आता कोणी म्हणेल, दार एवढे मोकळे म्हणजे कामवासनेला बुद्धाने सौम्यपणे वागवले. तसे मुळीच नाही. ती आग आहे, हे त्याने जन्मभर सांगितले. पण आग लागलेल्या माणसाला शिव्या देऊन ती विझत नाही, हेही त्याला ठाऊक होते. कौशांबीचा राजा उदयन (वासवदत्तेचा, तेव्हा विषय त्याच्या चांगला माहितीतला) पिंडोल भारद्वाज नावाच्या भिक्षूला विचारतो, की ऐन तारुण्यातले हे काळ्या केसांचे भिक्षू जन्मभर ब्रह्मचर्य पाळतात तरी कसे? भिक्षू म्हणतो, आईच्या वयाच्या स्त्रीला आई मानावे, बहिणीच्या वयाच्या स्त्रीला बहीण, मुलीच्या वयाच्या मुलीला मुलगी. राजा म्हणतो, महाराज, मन फार चंचल आहे, ते तिथेही घसरते. मग शरीरातली घाण आठवावी. राजा म्हणतो, ज्यांचा अभ्यास झाला त्यांना ठीक, इतरांनी काय करावे? तेव्हा भारद्वाज इंद्रियांवर पहारा ठेवण्याविषयी सांगतो. हे राजाला पटते. तो कबूल करतो, की मीसुद्धा अंतःपुरात बेसावध गेलो तर वासना मला गिळते, सावध गेलो तर गिळत नाही. एका राजाने एका भिक्षूजवळ इतके सरळ बोलावे, हेच आम्हांला विलक्षण वाटते.

शरीराच्या किळसेचे औषध तर एकदा फारच महागात पडले. बुद्धाने वैशालीला देहाच्या अशुभतेचे ध्यान शिकवले आणि पंधरा दिवस एकांतात गेला. परत येऊन पाहतो तो संघ रोडावलेला. देहाची शिसारी येऊन अनेक भिक्षूंनी स्वतःचा घात केला होता, कोणी दुसऱ्याकडून करवून घेतला होता. तेव्हा त्याने उरलेल्यांना जमवून श्वासावर लक्ष ठेवण्याचे ध्यान शिकवले. शरीराचा द्वेष म्हणजे ब्रह्मचर्य, असे ज्यांना वाटते त्यांनी ही कथा जरूर वाचावी.

आणि नुसत्या गोड भावनेनेही भागत नाही. धर्मानंदांनी ज्या 'विसुद्धिमग्गा'वर इतकी वर्षे घालवली, त्यात एका अमात्यपुत्राची गोष्ट आहे. मैत्रीभावना कोणावर करावी, असे त्याने गुरूला विचारले. गुरू म्हणाले, प्रिय व्यक्तीवर. ह्याला सर्वांत प्रिय बायको. गडी तिच्यावर मैत्रीभावना करत बसला, आणि रात्रभर भिंतीशी झोंबत राहिला!

एक गोष्ट मात्र आम्हांला पटत नाही. परत येण्याची ही मुभा पुरुषांना आहे. एकदा संघ सोडलेल्या भिक्षुणीला परंपरा पुन्हा उपसंपदा देत नाही. त्याची कारणे टीकाकार सांगतात. ती वाचूनही आमचे समाधान झालेले नाही.

स्नेह्यांनी हे सारे ऐकून घेतले. मग हळूच म्हणाले, "ते सगळं खरं, मास्तर. पण लग्नाचं काय? ते तर खालीच उतरणं झालं ना?"

आम्ही त्यांना नकुलपिता आणि नकुलमाता ह्या जोडप्याविषयी सांगितले. म्हातारपणी दोघांनी बुद्धाला सांगितले, की लग्न झाल्यापासून आम्ही मनानेही एकमेकांना फसवलेले नाही, आम्हांला पुढच्या जन्मीही भेटायचे आहे. बुद्धाने त्यांना आसक्ती सोडा म्हणून झिडकारले नाही. श्रद्धा, शील, दान आणि प्रज्ञा ह्यांत दोघे सारखे राहा म्हणजे भेटाल, असे सांगितले. गृहस्थाच्या पंचशीलात व्यभिचाराला मनाई आहे, संसाराला नाही.

"आणि पुढेमागे त्याला परत जावंसं वाटलं तर?"

"जाता येईल. मात्र आईबापांची परवानगी लागते. म्हणजे तुमची."

तेव्हा कुठे त्यांनी पाण्याचा पेला उचलला. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "त्याची पालीची पुस्तकं मी रागानं माळ्यावर टाकलीत. आज उतरवतो. नाहीतरी झाडलोट करायचीच आहे."