विनोबांच्या वाटेवरून एक रविवार

सिंदी मेघेत राहणाऱ्या माणसाला बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, “सेवाग्राम इथून किती लांब?” आम्ही पाहुण्याला घेऊन जातो, बापूकुटी दाखवतो आणि परत येतो. गेल्या महिन्यात मात्र घरातूनच वेगळी फर्माईश आली. मुलीला शाळेत आपल्या जिल्ह्यातल्या एका लेखकाची माहिती लिहायची होती. तिने विनोबा भावे यांचे नाव निवडले आणि म्हणाली, “पुस्तकातून उतरवून काढायचं नाही. ते जिथे राहिले तिथे जाऊन लिहायचं.”

मग एका रविवारी न्याहारी उरकून आम्ही निघालो. आम्ही दोघे, दोन्ही मुले आणि अम्मी.

विनोबा मूळचे वर्ध्याचे नव्हेत. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात त्यांचा जन्म झाला आणि शिक्षण बडोद्यात झाले. जमनालाल बजाज यांना वर्ध्यात साबरमतीसारखा आश्रम हवा होता. तो चालवण्यासाठी गांधीजींनी विनोबांना पाठवले. ८ एप्रिल १९२१ रोजी ते वर्ध्यात आले तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. पुढे तुरुंगवास आणि पदयात्रा सोडल्या तर हाच परिसर त्यांचे घर झाला. १९२३ साली त्यांनी इथूनच ‘महाराष्ट्र धर्म’ नावाचे मासिक सुरू केले. मासिक चालवणे किती जिकिरीचे असते, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको.

शहरातून जाताना आम्ही लक्ष्मीनारायण मंदिर बाहेरूनच मुलांना दाखवले. बजाज कुटुंबाचे हे मंदिर १९२८ साली दलितांसाठी खुले करण्यात आले. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. तिथून नालवाडीकडे वळलो. १९३२ च्या अखेरीस विनोबा या वस्तीत राहायला आले आणि सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर जगून पाहू लागले. मुलाने विचारले, “लेखकाला पुस्तकांचे पैसे मिळत नव्हते का?” आम्ही म्हणालो, “आधी हाताने कमवायचं, मग लिहायचं, असं त्यांचं मत होतं.” उत्तर त्याला फारसे पटले नाही.

गोपुरीत पोचल्यावर अम्मी गाडीतून उतरेनात. पाटीवर ‘गीताई मंदिर’ असे लिहिले होते. “मंदिरात आपलं काय काम?” असे म्हणून त्या तसबीह फिरवत बसून राहिल्या. मुलगी आत डोकावून आली आणि म्हणाली, “दादी, आत मूर्तीच नाही. छप्परसुद्धा नाही. नुसते दगड आहेत आणि त्यांवर मराठी लिहिलंय.” तेव्हा अम्मी उतरल्या.

खरोखरच तिथे उघड्या आभाळाखाली दगडी शिळांची रांग आहे. ‘गीताई’ म्हणजे विनोबांनी केलेला गीतेचा मराठी अनुवाद. त्याचे अठराही अध्याय या शिळांवर कोरलेले आहेत. अनुवादाला त्यांनी ७ ऑक्टोबर १९३० रोजी सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी ६ फेब्रुवारीला तो संपवला. बरोबर पन्नास वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९८० रोजी, या जागेचे उद्घाटन झाले.

अम्मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकल्या आहेत. एका शिळेपुढे उभ्या राहून त्या अक्षर अक्षर जुळवत वाचू लागल्या. आम्ही त्यांना या अनुवादामागची गोष्ट सांगितली. विनोबांच्या आई रुक्मिणीबाईंना गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हते. मुलाने मराठी भाषांतर आणून दिले, तेही जड गेले. तेव्हा त्या मुलाला म्हणाल्या, “मग तूच का करत नाहीस?” १९१८ साली त्या गेल्या. मुलाने बारा वर्षांनी आईचा शब्द पुरा केला आणि पुस्तकाच्या नावातच आईला बसवले.

अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्या बाईने मागितलं तरी. मी सात वर्षांची असल्यापासून कुरआन पढते. किती वेळा पूर्ण केला, मोजदाद नाही. पण त्यात काय म्हटलंय ते मला समजेल अशा भाषेत द्या, असं मी कुणाकडे कधी मागितलंच नाही.”

खरे सांगतो, आम्हाला उत्तर सुचले नाही. आमच्या घरी उर्दू अनुवाद आहे. तो वरच्या फळीवर, स्वच्छ कापडात गुंडाळलेला असतो. अम्मींना उर्दू ऐकून समजते, पण त्या अनुवादातली उर्दू वाचवत नाही. मुले मराठी शाळेत जातात. मग तो कुणासाठी ठेवला आहे, हा प्रश्न आम्हाला इतक्या वर्षांत पडला नव्हता.

तिथून पवनारला गेलो. धाम नदीच्या काठी उंचावर आश्रम आहे. ७ मार्च १९३८ रोजी विनोबा प्रकृती खालावलेल्या अवस्थेत इथे आले. जमिनीची मशागत करताना भरत-रामाच्या भेटीचे जुने शिल्प सापडले, ते इथे आहे. १९४० सालच्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांना निवडले, तो सत्याग्रहही पवनारलाच झाला. १९५९ मध्ये त्यांनी इथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी इथेच त्यांचे निधन झाले.

आम्हाला मात्र या जागेचे मोल वेगळ्या कारणाने वाटते. कुरआन अनुवादातून वाचून विनोबांचे समाधान झाले नाही, म्हणून ते अरबी शिकले. वय चाळिशीच्या पुढे, डोळे अधू, तरीही मूळ ग्रंथ वर्षानुवर्षे अभ्यासला. १९४८ साली, फाळणीच्या जखमा ओल्या असताना, ते मेवातमधील मेव मुसलमानांच्या पुनर्वसनासाठी झटत होते. १९६२ साली त्यांनी निवडलेल्या आयतींचे पुस्तक ‘कुराण-सार’ प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात ते पूर्व पाकिस्तानात पायी फिरले आणि तिथेही त्यांना भूदान मिळाले.

निवडक आयतींचे पुस्तक कुरआनची जागा घेऊ शकत नाही, हे आम्ही मुलांना स्पष्ट सांगितले. विनोबांच्या सगळ्याच भूमिका आम्हाला मान्य आहेत असेही नाही. आणीबाणीबद्दलचे त्यांचे शब्द किंवा १९७९ चे गोवधबंदीसाठीचे उपोषण यांवर मतभेद होते आणि आहेत. पण शेजाऱ्याचा ग्रंथ त्याच्याच भाषेत समजून घेण्यासाठी ज्याने एवढे कष्ट घेतले, त्याच्या गावाशेजारी राहून आपण आपलाच ग्रंथ समजून घ्यायला किती कष्ट घेतो?

परतताना गाडीत कुणी फारसे बोलले नाही. त्याच आठवड्यात आम्ही कुरआनचे मराठी भाषांतर मागवले. आता रोज इशाच्या नमाजनंतर अम्मी काही आयती अरबीत पढतात, मुलगी त्यांचा मराठी अर्थ मोठ्याने वाचते. कधी शब्द अडतो, कधी मुलगा पेंगतो. परवा आईवडिलांविषयीच्या आयती आल्या, त्यांच्यापुढे ‘उफ्’ही करू नका असे सांगणाऱ्या. अम्मींनी वाचन थांबवून आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “हे आधी कळलं असतं तर तुमची बरीच कटकट वाचली असती.” सगळे हसले. आम्ही थोडे कमी हसलो.

वाचकहो, तुमच्याही घरात वरच्या फळीवर एखादे गाठोडे असेल. ते खाली काढा. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एकदा तरी विचारा, तिला काय समजून घ्यायचे राहून गेले आहे.