ठोकताळ्यांचे बळी

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. बहुतेकांची घरे दूर सोलापूर जिल्ह्यात. मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्याच्या अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून सर्वत्र फिरत होत्या. लोकांनी या पाचांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले व तेथे त्यांचा अंत झाला. भटक्यांची उपेक्षा, अफवा पसरविणारी यंत्रे, कायद्याचा धाक नसणे यांवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले, आणि ते रास्तच होते. तथापि मारणाराही गरीबच होता, आणि आपण आपल्या लेकरांचे रक्षण करीत आहोत असे त्याला मनापासून वाटत होते, ही गोष्ट आमच्या मते अधिक खोल विचार करावयास लावणारी आहे.

मनुष्य संभाव्यतेचा अंदाज कसा बांधतो, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी केला. त्यांचा गाजलेला निबंध १९७४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आला. ट्वर्स्की १९९६ मध्ये वारले. काहनेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. (मानसशास्त्रज्ञाला ते द्यावे लागले, ही आम्हा अर्थशास्त्र शिकविणाऱ्यांना चपराकच होती. आमच्या पाठ्यपुस्तकांतला मनुष्य सगळी गणिते अचूक करीत असे. तो वर्गाबाहेर कधी भेटला मात्र नाही.) त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, मनुष्य संभाव्यता मोजत नाही, तो ठोकताळे वापरतो. जे उदाहरण चटकन आठवते, ते वारंवार घडत असले पाहिजे असे तो धरून चालतो. आणि जे मनातल्या नमुन्याशी जुळते, ते खरे असले पाहिजे असे मानतो.

त्यांनी दिलेले टॅक्सीचे उदाहरण कार्यकर्त्यांनी पाठच करावे असे आहे. एका शहरात १०० पैकी ८५ टॅक्सी हिरव्या, १५ निळ्या. रात्री एक टॅक्सी अपघात करून पळते. साक्षीदार म्हणतो, ती निळी होती. त्याची परीक्षा घेतली असता १०० पैकी ८० वेळा तो रंग बरोबर ओळखतो. मग टॅक्सी निळी असण्याची शक्यता किती? बहुतेक लोक सांगतात, ८० टक्के. आता हिशेब पाहा. १५ निळ्यांपैकी १२ तो निळ्या म्हणून ओळखेल. परंतु ८५ हिरव्यांपैकी १७ देखील चुकून निळ्याच म्हणेल. म्हणजे त्याने निळ्या म्हटलेल्या २९ टॅक्सींपैकी खरोखर निळ्या १२. शक्यता जेमतेम ४१ टक्के.

राईनपाड्याचे गणित याहून कितीतरी भीषण होते. गावात येणाऱ्या परक्या भिक्षेकऱ्यांमध्ये मुले पळविणारा हजारांत एकही सापडणे कठीण. असे असता ओळखणाऱ्याची नजर कितीही तीक्ष्ण असली, तरी त्याचा संशय जवळजवळ प्रत्येक वेळी निरपराधावरच पडणार. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी समाजच्या समाज गुन्हेगार ठरविले; १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला. परंतु चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जाणारी जीप त्याच ठोकताळ्यावर चालते.

आता मुंबईकडे वळू. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलमधून प्रवासी एकाच वेळी खाली पडले, काही दगावले. त्याच दिवशी रेल्वे खात्याने नव्या गाड्यांना आपोआप मिटणारे दरवाजे बसविण्याची घोषणा केली. वस्तुतः मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून. ती एकेक करून मेली म्हणून त्यांची आठवण कोणाला येत नाही, आणि आठवण येत नाही म्हणून अंदाजपत्रकात त्यांना जागा मिळत नाही.

येथे काहनेमनप्रभृतींच्या पुढे एक पाऊल टाकले पाहिजे. उदाहरणे आपोआप आठवत नाहीत. ती कोणीतरी पुरवितो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्स व्यवहारांत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या; एकूण बुडाले १.८ लाख कोटींहून अधिक. उलट एकट्या २०२३-२४ मध्ये स्वतःच्या खात्यावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये ढोबळ नफा मिळविला, तोही बहुतांशी संगणकाच्या आज्ञावलीने. जाहिरातीत दिसतो तो जिंकलेला तरुण. हरलेले त्र्याण्णव कोण दाखविणार?

यावरून काही विद्वान असा निष्कर्ष काढतात की, जनता मुळातच अविचारी, तेव्हा तज्ज्ञांनी तिला हलकेच योग्य दिशेने ढकलावे. थेलर आणि सनस्टीन यांच्या २००८ च्या पुस्तकाचा सूर हाच आहे. आम्हाला तो मान्य नाही. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे की, तोच प्रश्न टक्केवारीऐवजी ‘इतक्यांपैकी इतके’ असा मांडला, तर पुष्कळ अधिक लोक तो बरोबर सोडवितात. टॅक्सीचा हिशेब आम्ही वर त्याच रीतीने मांडला, आणि तो समजण्यास कोणाला पदवी लागू नये.

राहता राहिले आपण. सभेला मैदान भरले की आपला उमेदवार निवडून आलाच, हा आपल्या पक्षाचा जुना ठोकताळा आहे. सभेला आलेले दिसतात. घरी बसलेले दिसत नाहीत. येत्या निवडणुकीत प्रत्येक केंद्रावरील कार्यकर्त्याने मागील दोन निवडणुकांत त्या केंद्रावर आपणास पडलेली मते आधी कागदावर लिहावीत, मगच आपला अंदाज लिहावा आणि पाकीट बंद करून तालुका कार्यालयात द्यावे. मतमोजणीनंतर ती पाकिटे सर्वांसमोर उघडावीत. नेत्यांची सर्वांत आधी.